ताम्रपुरातून माझं नाव काढ

प्रिय देवानंद,

'प्रिय' सवयीनं लिहिलं गेलं. खोडत नाही, एवढंच.

आपल्या ताम्रपूरची तू लिहिलेली मार्गदर्शिका काल तुझ्या बहिणीनं, रत्नमालानं, आणून दिली. वर आपल्या दोघांची नावं आहेत. माझं तिथे राहणार नाही.

हॉस्टेलमधून तू तो फाशांचा खेळ आणलास. एकानं गोष्ट सांगायची, बाकीच्यांनी त्यातली माणसं व्हायचं, फासा पडेल तसं निभवायचं. आमच्या घरातली पहिली बी.ए. मी; उठता-बसता सगळे ते ऐकवतात. खेळात कोणी ऐकवत नव्हतं. म्हणून ताम्रपूर हे खेळातलं नगर तुझ्यासोबत जीव लावून रचलं. आणि तू सुरुवातीलाच पानंच्या पानं राजांच्या वंशावळी घातल्यास. खेळणाऱ्यांनी त्यांचं श्राद्ध घालायचं का? नगराच्या कालव्याचं दार कोणी बंद केलं, हे मी मुद्दाम सांगितलं नव्हतं. तेच शोधायला तर लोक निघणार होते! तू उत्तर लिहून मोकळा. अरे, समोर आलेल्या माणसाला काय हवंय, तो कोणाला भितो, आज गावात काय बिघडलंय, एवढं सांगून मार्गदर्शिकेनं बाजूला व्हावं. पुढचं खेळणाऱ्यांचं.

कोटाबाहेरच्या वस्तीत मी भट्टीवाले वसवले होते, पाण्यासाठी भांडणारी गयाबाई होती. ते सगळं पुसून तू लिहिलंस, 'येथे रानटी राहतात. दिसताच मारावे.' तुमच्या बंगल्याच्या गच्चीवरून एवढंच दिसत असेल. माझे बाबा पोलाद कारखान्यातल्या कोक ओव्हनच्या भट्टीवरची ड्यूटी संपवून टाउनशिपबाहेरच्या अशाच वस्तीत परततात. त्यांना ती ओळ वाचून दाखवली तर हसले. "काऊन मारून राहिला थो आमाले? चहा त पिऊन जाते आपल्या इथं." त्यांचं ते हसणं मला सोसलं नाही.

रत्नमाला म्हणाली, "जाने दे ना, भैया को बुरा लगेगा." लागू दे.

आज दुपारी सिविक सेंटरला, मार्गदर्शिकेच्या प्रती काढणाऱ्या सायक्लोस्टाइलवाल्याकडे गेले. नकाशाचे स्टेन्सिल माझ्या हातचे होते, ते उचलून आणले. तो बिचारा घाबरला. "दीदी, भैया पूछेंगे तो?" माझं नाव सांग, म्हटलं. रविवारी आमच्या अंगणात त्याच नकाशावर मी खेळ मांडतेय, रत्नमालाही येतेय. उद्या दुकानात जाऊन त्या माणसावर ओरडशील, म्हणून हे पत्र. ओरडायचं तर इकडे ये.

तुझी म्हणवून न घेणारी,
प्रेमला