मीनूला चपलेचं सांगितलं

७ फेब्रु., शुक्र.
तंजावूरहून सकाळची बस. पट्टुकोट्टैला बदलली, दुपारी मल्लिपट्टणम. या किनाऱ्यावर मीनूला काम मिळतंय. समुद्रातल्या गवताची पाहणी, वर्षभर, रोज पाण्यात. "नुसतं गाव बघ आई, मग नाही म्हण." बावीस वर्षं समुद्र पाहिला नव्हता. तिचे अप्पा बुडाले तेव्हापासून.
लाटा नाहीतच. तळ्यासारखं पाणी. खोलीवाल्या सेल्वी अक्कांनी रसम-भात वाढला. मीनू खूश. मी...

८ फेब्रु., शनि.
मीनू कयाक, वल्ह्याची छोटी होडी, घेऊन गेली, लाइफ जॅकेट घालून. किनाऱ्यालगतच्या जुन्या मनोऱ्यापर्यंत जाऊन अर्ध्या तासात यायचं होतं. पाऊण तास झाला. वाळूत बसवेना. साडीसकट गुडघाभर पाण्यात जाऊन तिला हाका मारत सुटले. जाळी विणणारे हात थांबले, सगळे बघताहेत.
आली. हसत होती, मला बघून थबकली. "आई, इथे कमरेइतकंच पाणी आहे गं."
"तुझे अप्पा गेले तिथेही तेवढंच होतं."
मग थांबता आलं नाही. तिचे अप्पा त्या दिवशी पोहायला गेले नव्हते. मीनूची चप्पल वाहून चालली होती, ती रडत होती. मीच म्हटलं, जा हो, आणा ती. पोहायला गेले, फार आत गेले, असं तिला आजवर सांगत आले ते खोटं.
"मी केवढी होते?"
"चार."
रात्री मीनू जेवली नाही.

९ फेब्रु., रवि.
उठले तर मीनू ओट्यावर बसलेली. "चूक कुणाची म्हणून लपवलंस? माझी की तुझी?"
"माझी," म्हटलं. खरं तेच. पण तिला स्वतःचीच चूक वाटली असेल तर?
बसपाशी म्हणाली, "मी काम घेतेय. आज तुझ्याबरोबर नाही यायचं मला." डब्यात इडल्या भरून दिल्या मात्र. परतीच्या वाटेवर ओरत्तनाडूपर्यंत डबा मांडीवर तसाच.

१२ फेब्रु., बुध., तंजावूर
शाळेत दोन तास घेतले. काय शिकवलं, देव जाणे. तिचा फोन नाही. संध्याकाळी मीच केला. नुकती पाण्यातून आली होती.
"जेवलीस?"
"हं."
"शनिवारी येऊ का मी?"
"विचार करून सांगते, आई."