बिबट्याची आरोळी

आबा, परवा सासूबाईंना पुण्याला मेंदूच्या डॉक्टरांकडे नेलं होतं. त्यांचं तपासून झालं तरी मी खुर्चीतून उठेना. तुम्ही जाऊन इतकी वर्षं झाली, पण मला तुमचंच विचारायचं होतं. कंपवातानं ज्याचे पाय उंबऱ्याशी चिकटून बसायचे, तो माणूस बिबट्यामागे धावला कसा?

आपल्या गावी, निमगाव सावाला, त्या दिवशी ऊन कलताना उसातून बिबट्या निघाला आणि त्यानं कोकराला धरलं. तुम्हाला ओट्यावरून उठवायला दोघं लागायची, आणि तुम्ही काठी घेऊन बोंब ठोकत थेट बांधापर्यंत! कोकरू वाचलं. दुसऱ्या सकाळी आईनं चहाचा कप तुमच्यापुढे आदळला. "इतके दिस सोंग करत व्हता व्हय?" तुम्ही ओशाळं हसलात. तुम्हाला तरी कुठं कळलं होतं!

मग आमचं औषध सुरू झालं. तुम्ही दारात अडलात की मी मागून ओरडायची, "आबा, बिबट्या आला!" पहिल्या एक-दोन वेळा पाऊल पडलंसुद्धा. मला वाटलं, आपण डॉक्टरांना मागं टाकलं. पुढं तुम्ही नुसते बघायला लागलात, आणि एकदा म्हणालात, "पोरी, आता खराच घिऊन ये." आई पदर तोंडाला लावून हसली, मग आत जाऊन रडली.

डॉक्टर म्हणाले, मेंदूच्या देठात एक निळसर ठिपका असतो. तिथल्या पेशी नॉरअ‍ॅड्रेनलिन नावाचं रसायन सोडतात, संकट दिसलं की सगळ्या अंगाला जागं करतात. या आजारात त्याही मरत जातात, पुष्कळदा हात थरथरायच्या आधीपासून. उरल्यासुरल्यांनी तुम्हाला पळवलं असावं, पण खात्रीनं डॉक्टरांनाही सांगता येईना. उभं राहताना येणारी चक्कर, कशातच मन न लागणं, यातही त्या पेशी जाण्याचा हात असतो म्हणे. एवढंच हवं होतं मला, आबा. शेवटी शेवटी नातू मांडीवर ठेवला तरी तुम्ही बघायचा नाहीत, तेव्हा वाटायचं, आम्ही यांना नकोसे झालो. तसं नव्हतं तर. बाहेर येऊन मी ढसाढसा रडले. सासूबाईंना वाटलं, त्यांच्याच रिपोर्टात काही वाईट आलंय, आणि त्याच मला धीर देत बसल्या.

हे पत्र कुठं धाडायचं? ते राहील माझ्यापाशीच. एक मात्र अजून कुणाला सांगितलेलं नाही. तुम्ही गेलात त्या दिवशी तुम्हाला उचलायला माणसं अंगणात आली, तेव्हा पांघरूण नीट करायच्या निमित्तानं मी वाकले आणि तुमच्या कानात हळूच म्हटलं, "आबा, बिबट्या आला." आणि जरा वेळ थांबले.