गाडीला लागलेली दृष्ट

बसवनगुडी, बेंगळूरु
दसऱ्यानंतरचा बुधवार

प्रिय आशू,

ऑफिसच्या पत्त्यावर माझ्या अक्षरातलं पाकीट बघून आधी घाबरशील, मग हसशील. वहिनीला फोन करायला काय झालं, असं म्हणशील. माझा फोन घरात सगळ्यांचा असल्यासारखा जेवणाच्या टेबलावर पडलेला असतो, ते तुला ठाऊकच आहे. म्हणून शाळेच्या चित्रकलेच्या वर्गात बसून लिहितेय. मुलं कवायतीला गेलीत. सावकाश वाच, कारण सुरुवात गमतीची असली तरी शेवट तसा नाही.

तर माझी स्कूटर. आषाढात घेतली. निळी, छोटी, माझ्यासारखीच जरा बसकी. लग्नानंतरची ही माझी पहिली नोकरी, आणि बनशंकरीच्या पलीकडे या शाळेपर्यंत सरळ बस येत नाही. हेडमिस्ट्रेसबाईंनी पहिल्याच दिवशी बजावलं होतं की उशीर चालणार नाही, तुमच्या जागी यायला माणसं तयार आहेत. म्हणजे स्कूटर असेल तरच नोकरी. तुझे अण्णा, म्हणजे आमचे नवरोजी, म्हणाले, "कशाला तो उपद्व्याप? मी सोडत जाईन की." इतकी वर्षं मी त्यांच्या मागे बसूनच सगळीकडे गेले, भाजीला, मठात, दवाखान्यात. पण या खेपेला मी हट्टाला पेटले. फक्त बायकांना गाडी शिकवणाऱ्या शिवलीला अक्कांकडे मैदानावर जायला लागले. दोन्ही पाय जमिनीला घासत बदकासारखी चालवायचे. ब्रेक दाबताना ॲक्सिलरेटरही पिळायचे. वळताना हँडल तसंच ठेवून नुसती मान वळवायचे. अक्का मैदानाच्या दुसऱ्या टोकावरून ओरडायच्या, आणि फिरायला आलेले आजोबा लोक बाकावर बसून माझा तमाशा बघायचे.

पण आली बाई एकदाची. पहिल्यांदा तुझ्या अम्मांना मागे बसवून मठात नेऊन आणलं. जेवताना अम्मा म्हणाल्या, "रघू, तू खड्डे शोधून शोधून नेतोस. हिनं पोटातलं पाणी हलू दिलं नाही बघ." मी लाजले. अण्णाही हसले. दुसऱ्या दिवशी सकाळी गाडी ढिम्म हलेना. बटण दाबून अंगठा दुखला. अण्णांनी बघितलं, बॅटरी गेली असेल म्हणाले आणि मला कारनं सोडलं. उशीर झालाच. संध्याकाळी शिवलीला अक्का आल्या आणि त्यांनी उजव्या हाताजवळचं लाल बटण वर केलं. इंजिन बंद करायचं बटण. गाडी लगेच सुरू झाली. माझाच हात लागला असणार, दुसरं काय! आम्ही सगळे पोट धरून हसलो.

मग हेडमिस्ट्रेसबाईंनी माझ्या वेळेवर येण्याचं कौतुक केलं. ते मी घरी येऊन तिखटमीठ लावून सांगितलं. सकाळी मागचं चाक जमिनीला टेकलेलं. व्हॉल्व्ह सैल होता. त्यानंतर तुझा फोन आला होता, आठवतंय? स्पीकरवर तू ओरडलीस, "वहिनी, तू अण्णापेक्षा झकास चालवतेस म्हणे!" दुसऱ्या दिवशी प्लगची टोपी निघालेली. मी नवशिकी. यातलं काय आपोआप होतं आणि काय होत नाही, मला कसं कळणार? अण्णा समजुतीनं म्हणायचे, "होतं गं असं. तुला अजून गाडीची सवय नाही." अम्मांनी मात्र निदान केलं. दृष्ट. कुणी चांगलं बोललं की दुसऱ्या दिवशी गाडी बंद. त्यांनी मीठ-मोहऱ्या ओवाळून टाकल्या, हँडलला लिंबू-मिरच्या बांधल्या आणि आपल्याच माणसांची दृष्ट जास्त लागते असंही म्हणाल्या. मी मनात हसले. पण आशू, अम्मांचं निदान बरोबर होतं.

गाडी बंद पडली की तुझ्या अण्णांचा दिवस छान जायचा, हे माझ्या फार उशिरा लक्षात आलं. स्वतः मला सोडायचे, वाटेत थांबून इडली-वडा खाऊ घालायचे, दारात उतरताना पदर आत घे म्हणून जपायचे. इतके प्रेमळ की मला भरून यायचं. इकडे तिसऱ्या उशिराला हेडमिस्ट्रेसबाईंनी केबिनमध्ये बोलावलं आणि आता पुढच्या वेळी येऊच नका, असं शांतपणे सांगितलं. त्या दिवशी मी बाथरूममध्ये जाऊन रडले.

मग मी शिवलीला अक्कांचा धडा गिरवला. दोष सापडत नसेल तर सगळं एकदम खोलायचं नाही, एका वेळी एकच गोष्ट बदलायची आणि बघायचं. मी कौतुक घरी सांगणं बंद केलं. विचारलं तरी "छे, जमत नाही हो मला" म्हणायचे. गाडी भाद्रपदभर एकदाही रुसली नाही. मग एक दिवस मुद्दाम खोटं बोलले. जेवताना सांगितलं की सिग्नलवरच्या पोलिसानं मला थांबवून शाबासकी दिली. अम्मांना हसू आवरेना. अण्णा ताटाकडे बघत "बरं, बरं" म्हणाले आणि ताक मागितलं. सकाळी सीटखालचा फ्यूज काढलेला होता. सीट किल्लीशिवाय उघडत नाही गं. एक किल्ली माझ्या पर्समध्ये आणि दुसरी त्यांच्या कपाटात. फ्यूजच्या डबीतच एक जादा फ्यूज असतो, तो लावून मी वेळेवर शाळेत पोहोचले. कुणाला काही बोलले नाही. संध्याकाळी घरात पाऊल टाकते तोच अण्णांनी विचारलं, "कुणी दुरुस्त करून दिली?"

तरीही मी त्यांच्या बाजूनं विचार करत राहिले. माणूस एकटा पडतो, घाबरतो, मला जपायला बघतो, पद्धत चुकते एवढंच. फ्यूज काढण्यानं काय मरतं कुणी? असं मी आयुधपूजेपर्यंत स्वतःला सांगत होते. त्या दिवशी अण्णांनी माझी गाडी स्वतः धुतली. झेंडूची माळ घातली, हळदकुंकू लावलं, चाकांखाली लिंबं ठेवली. सगळी गल्ली जमली होती. शेजारच्या यल्लव्वा म्हणाल्या की आमच्या रस्त्यात सुप्रीतासारखी गाडी कुणी चालवत नाही. अण्णा सगळ्यांदेखत म्हणाले, "मग लिंबं चिरडून उताराच्या टोकापर्यंत एक चक्कर दाखव ना." आपल्या दारापासून मोठ्या रस्त्यापर्यंतचा उतार तुला माहीतच आहे. खाली बसगाड्या भरधाव जातात. बसण्याआधी दोन्ही ब्रेक दाबून बघायची मला सवय आहे. डावा ब्रेक पार मुठीला टेकला. मागच्या चाकापाशी केबलच्या टोकाला एक नट असतो, तो शेवटच्या आट्यावर आणून ठेवला होता. तो खाचेत बसलेला असतो, आशू. आपोआप सैल होत नाही. मी मान वर केली तेव्हा सगळे गाडीकडे बघत होते, आणि अण्णा माझ्या तोंडाकडे. मी खाली बसून, साडीचा काठ तेलात माखत, हातानं तो नट आवळला. ते वाकले आणि हळूच म्हणाले, "शिकलीस की." चक्कर मारून मी परत आले आणि सगळ्यांना पेढे वाटले.

संध्याकाळी दृष्ट काढताना अम्मा सहज म्हणाल्या की या घरात बायकांच्या गाड्यांना दृष्ट बाधते, आशूचंही असंच झालं. मी खोदून विचारलं. तू कॉलेजात असताना अख्खी गल्ली तुझ्या गाडी चालवण्याचं कौतुक करायची. गॅदरिंगच्या आदल्या रात्री काकांनी तुझी फार तारीफ केली, आणि दुसऱ्या दिवशी तू त्याच उतारावर पडलीस. मी लग्न होऊन आले तेव्हापासून तू लंगडताना हसून सांगतेस की घाबरून ॲक्सिलरेटर पिळला, अक्कलच नव्हती मला. तुला हे कुणी सांगितलं, आशू? तुझी गाडी तेव्हा कोण धुवायचं, कोण हवा भरायचं, ते अम्मांनी न विचारता सांगितलं. माझ्याकडे पुरावा काही नाही. माझं चुकत असेल तर मी तुझ्या पायांवर डोकं ठेवीन. पण दुखऱ्या पायानं तू इतकी वर्षं स्वतःलाच बोल लावलास, याचा मला राग येतो, तुझ्यावरसुद्धा.

आता का लिहिलं ते. दिवाळीनंतर तुझी मनस्विनी नोकरीसाठी धारवाडहून आमच्याकडे राहायला येतेय. तिच्या मामांनी, अण्णांनीच, तिच्यासाठी स्कूटर बुक केलीय, आणि देखभालीची चिंता नको, मी घरीच सगळं बघतो, असं ते काल कौतुकानं म्हणाले. तिला इथे पाठवू नकोस. काहीही कारण सांग, हॉस्टेल मिळालं म्हण, पण पाठवू नकोस. माझं म्हणशील तर अम्मांच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं की मी शिवलीला अक्कांच्या माडीवर राहायला जाणार आहे. अम्मांना अर्ध्यात टाकून मला निघवत नाही. तोवर रोज सकाळी मी ब्रेक दाबून बघेन, पण मला नट किती ठाऊक आणि त्यांना किती! म्हणून एक काम कर. हे वाचून झालं की संध्याकाळी जेवायच्या वेळी फोन लाव. अण्णांना स्पीकर सुरू करायला सांग आणि सगळ्यांदेखत मला नावं ठेव. म्हण, वहिनीला गाडी कधीच जमणार नाही, तिच्या हातात गाडी देणं म्हणजे वेडेपणा. मी रडवेली होईन, तरी थांबू नकोस. दर दोन-चार दिवसांनी असाच फोन करत जा, मी त्या घरात आहे तोपर्यंत.

तुझीच,
सुप्रीता वहिनी