पालखीचा पुढचा दांडा

कोपरी, ठाणे
१२ मार्च १९९५

प्रिय उत्तम,

कान्हाच्या दिवसकार्याला तू दारापर्यंत येऊन परत गेलास, हे त्याच्या आईने पाहिलं. त्याचा राग नाही. मलाही समोरासमोर बोलता येत नाही, म्हणून लिहितो.

गेल्या वर्षीची पालखी तुला आठवत असेल. पुढचा दांडा कान्हाचा, मागचा तुझा. देवळाच्या पायऱ्यांवर त्याचा खांदा थरथरला आणि सीतारामने धावत येऊन दांडा धरला. पोरं ओरडली, "काय रे कान्हा, बॉडी काय नुसती दाखवायला?" तोही हसला. पोटावरच्या रेषा उठून दिसत होत्या, पण खांदे, मांड्या उतरल्या होत्या. शरीरसौष्ठवाच्या स्पर्धेसाठी चरबी उतरवायला घेतलेल्या गोळीने अंगावरचं मांसही जातं, हे आम्हा आईबापाला कुठलं कळणार? त्याच्या आईने मीठमिरच्या ओवाळून टाकल्या. बोंबलाचं कालवण वाढलं की तो ताट सरकवायचा. "आये, स्पर्धा होऊ दे, मग टोपभर खाईन." भर थंडीत त्याला घाम फुटायचा.

एकदा त्याच्या बॅगेत तिला गोळ्या सापडल्या. थायरॉईडसाठी ती रोज सकाळी घेते, तीच गोळी. पोराने आपल्यासाठी आणून ठेवल्या म्हणून केवढी खूश झाली! शेजारच्या कलावतीला सांगून आली. त्याने तिला तसंच समजू दिलं. सगळ्या तिच्या डब्यात ठेवल्या आणि स्वतःसाठी दुसऱ्या आणल्या. स्पर्धेच्या तोंडावर त्याचं हृदय बंद पडलं. हा थायरॉईडची गोळी घ्यायचा का, असं डॉक्टरांनी विचारलं तेव्हा आम्हाला उलगडलं. आता ती सकाळी गोळी तळहातावर घेऊन बसून राहते. घ्यावी तर लागतेच. मी पाण्याचा पेला धरून उभा असतो.

परवा कामासाठी डोंबिवलीला आलो होतो. स्टेशनबाहेर तू चहा पीत होतास. गाल बसलेले, कपाळावर घाम, आणि ग्लासातला चहा हातावर सांडत होता. तो हात मी ओळखतो, उत्तम. हाक न मारताच मी परतीची गाडी पकडली. म्हणून हे पत्र. त्या गोळ्या सोड. डॉक्टरकडे जाऊ, मी बरोबर येतो. पुढचा दांडा यंदा कोणाला द्यायचा, असं गावाने मला विचारलं. मी तुझं नाव सांगितलंय. पण त्याआधी जेवायला ये. त्याची आई कालवण करून वाट बघेल.

तुझाच,
दामाजीकाका