धुतलेले चुंबक आणि बंद पडलेली अभिक्रिया

प्रति,
मा. संचालक,
रसायन संशोधन संस्था.

विषय : चुंबक धुतल्याबद्दल दिलेली नोटीस मागे घेण्याबाबत.
संदर्भ : १) तपासणीपूर्व स्वच्छतेचे आपले परिपत्रक, दि. २ फेब्रुवारी. २) मला मिळालेली नोटीस, दि. ९ मार्च.

महोदय,

मी या संस्थेत एकोणीस वर्षे काचसामान धुण्याचे काम करते. सगळे मला मावशी म्हणतात. नोटिशीत मात्र मी ‘सदर कर्मचारी’ आहे आणि विभागप्रमुख सरांचा प्रयोग मुद्दाम बिघडवल्याचा माझ्यावर आरोप आहे. आठ दिवसांत लेखी माफी न मागितल्यास कामावरून काढण्यात येईल, असे कळवले आहे. मी माफी मागणार नाही. कारणे अशी :

१. परिपत्रकात ‘सर्व साहित्य’ आम्लाने धुवावे असे होते. सरांच्या चंबूत द्रावण ढवळणारे बोटाच्या पेराएवढे, पांढऱ्या टेफ्लॉनने मढवलेले चुंबक वापरून वापरून काळे पडले होते. ते ‘शकुनाचे’ म्हणून सर नुसते पाण्याखाली धरायला लावत. मी ते तीव्र आम्लात सहा तास ठेवले. पांढरेशुभ्र निघाले. त्या दिवसापासून सरांची अभिक्रिया बंद पडली.

२. सरांचा दावा असा की, कार्बन आणि हायड्रोजनमधला हट्टी बंध ते कोणत्याही धातूच्या मदतीशिवाय तोडतात. हा बंध सहसा कोणाला दाद देत नाही. पॅलेडियमसारखा धातू कणभर जरी असला तरी हा बंध नरमतो. एवढे मी धुता धुता ऐकले आहे. हे चुंबक आधी पॅलेडियमच्याच प्रयोगांत होते. धुलाईच्या वहीत माझ्या अक्षरात तशी नोंद आहे.

३. आता आपणच सांगावे. धातू नव्हताच, तर मी धुऊन काढले काय? आणि काही धुऊन निघाले असेल, तर अभिक्रिया बिनधातूची कसली? सरांनी दोन्हीपैकी एक धरावे, माझा गुन्हा किंवा स्वतःचा शोध.

४. सरांच्या संशोधक विद्यार्थिनीने नवे चुंबक घालून नऊ दिवस खटपट केली, हाती काही लागले नाही. शेजारच्या टेबलावरचे तसेच जुने काळे चुंबक टाकले, तर चार तासांत काम झाले. तिला गप्प बसायला सांगितले आहे. मला सांगायचे राहून गेले असावे.

घरी सासूबाईंनी नोटीस ऐकून विचारले, “धुतलं म्हणून काढतात? मग न धुणाऱ्यांना बढती देतात का गं?” याचे उत्तर आपल्याजवळ असल्यास कळवावे.

मला राग आला आहे, तो लपवत नाही. आम्लाने माझ्या बोटांचे ठसे पुसट झाले, हजेरीचे यंत्रही मला ओळखत नाही. पण काम चोख केल्याचा ठपका आजवर कोणी ठेवला नव्हता.

सरांनी सर्वांसमोर नवा चंबू, नवे चुंबक घेऊन अभिक्रिया करून दाखवावी. झाली, तर त्याच दिवशी माफीपत्र आणि राजीनामा दोन्ही देईन. नाही झाली, तर नोटीस मागे घ्यावी आणि शोधनिबंधात पॅलेडियमचे नाव घालावे. काम त्याने केले आहे.

आपली नम्र, पण न वाकणारी,
(सही)
परिचर, काचसामान धुलाई
दि. १४ मार्च

सोबत : १) परिपत्रकाची प्रत. २) वहीच्या पानाची प्रत. ३) सदर चुंबक, एक नग, स्वच्छ.

ज्या आम्लात ते धुतले, त्याची बाटली जोडलेली नाही; चुंबकावरून जे निघाले ते सगळे त्यातच आहे. ती तारीख घालून कपाटात ठेवली आहे आणि किल्ली माझ्या कमरेला आहे. तपासायची असल्यास मला बोलवावे लागेल.