तीस अंशांवर धुतलेली टोपी

३ सप्टेंबर, मंगळवार
आजपासून रोजनिशी. मोठ्या माणसांची कागदपत्रं पुढे कुणाला तरी लागतात.

बातमी अशी की, आमच्या टोपीमित्र मंडळाचे परीक्षक डॉ. प्फ्लाइडरर निवृत्त होताहेत. जर्मन कैसरच्या काळातल्या लष्करी टोप्या बत्तीस वर्षं तपासल्या, आता डोळे दमले म्हणतात. १२ ऑक्टोबरच्या सभेत नवा परीक्षक निवडायचा. अख्ख्या बाकनांगमध्ये या कामाला लायक माणूस एकच, आणि तो आत्ता हे लिहितोय.

गुडरुनला सांगितलं. ती बटाट्याचं सॅलड कालवत होती. म्हणाली, अहो, गेल्या वर्षी पोस्टमनची टोपी तोफखान्याच्या कॅप्टनची म्हणून कोणी आणली होती? बायकांना नको ते तपशील लक्षात राहतात.

७ सप्टेंबर, दुपारी
वरच्या मजल्यावरच्या श्नाइटमानबाई बिस्किटांच्या मोठ्या डब्यात एक टोपी घेऊन आल्या. आजोबांची, वुर्टेम्बर्गच्या राजाच्या पायदळातली. पण त्यांचा धाकटा भाऊ ऑयगेन साठ वर्षं प्रत्येक वाढदिवसाला एकच टेप लावतो: आजोबा बेकरीवाले, बंदूक कधी धरली नाही, टोपी कुठल्याशा नाटक कंपनीच्या पेटाऱ्यातली. २० ऑक्टोबरला बाईंना पंच्याऐंशी पुरी होतात. त्या दिवशी सगळ्या पाहुण्यांसमोर मंडळाचा दाखला वाचला जावा, एवढीच इच्छा. म्हणाल्या, हेगेलेसाहेब, त्या ऑयगेनचं तोंड एकदा बंद झालेलं बघू द्या, मग मी जायला मोकळी.

बाईंचे डोळे पाणावले होते. मलाही कसंसंच झालं. शब्द दिला.

शिवाय सोय झाली. उमेदवाराने एक टोपी ओळखून, लेखी निदानासह सभेत मांडायची असते. हीच मांडतो.

८ सप्टेंबर
निरीक्षण. गडद निळं कापड, लाल पट्टा, लाल काठ. वुर्टेम्बर्गचं पायदळ, शंकाच नको. पट्ट्यावर काळा-लाल गोल बिल्ला, म्हणजे आपल्या राजाचा. पण त्याच्या वर काहीच नाही. तिथे अख्ख्या जर्मन साम्राज्याचा काळा-पांढरा-लाल बिल्ला हवा. दोन बिल्ले असतात, हे शेंबडं पोरही सांगेल.

निदान: वरचा बिल्ला पडला. बिल्ल्याचं भोकही दिसत नाही. लोकर जुनी झाली की भोकं आपोआप बुजत असणार.

संकल्प: टोपी पूर्ववत करायची. घाई करायची नाही.

१४ सप्टेंबर
श्टुटगार्टच्या जुन्या बाजारातून बिल्ला आणला. विकणारा म्हणाला, हा गेल्या वर्षी बनवलाय. प्रामाणिक माणूस. घरी येऊन आरीने भोक पाडलं, बिल्ला बसवला. टोपीला कसं तेज आलं. गुडरुन म्हणाली, विचारायचं तरी त्यांना. म्हटलं, डॉक्टर ऑपरेशन करताना पेशंटला विचारत बसत नाही.

२१ सप्टेंबर
या आठवड्यात जिना झाडायची पाळी आमची. सकाळी पायऱ्या पुसल्या, कठडा पुसला, पत्रपेटीची पितळी पट्टी घासली. हात चालूच होता. मग टोपीकडे लक्ष गेलं. वास यायचा. अस्तर मळकट, त्यावर कुणी शाईच्या वेड्यावाकड्या रेघा ओढलेल्या, कोंबडीचे पाय उमटल्यासारख्या. सव्वाशे वर्षांची घाण. स्वच्छ घरातून अशी वस्तू सभेत कशी न्यायची?

गुडरुन दारात उभी राहून म्हणाली, अहो, टोपी आहे ती, टॉवेल नव्हे. मी लोकरीचा प्रोग्रॅम लावला. तीस अंश. पावडर चांगल्यातली, कपडे नव्यासारखे चमकवणारी.

२२ सप्टेंबर
पाणी कॉफीसारखं निघालं. अस्तर पांढरंशुभ्र, रेघोट्या साफ गेल्या. टोपी जरा आटोपशीर झाली आहे, सत्तावन्न सेंटिमीटरची त्रेपन्न. मोठ्या डोक्याची माणसं तेव्हाही विरळाच असतील. गुडरुनच्या केकच्या भांड्यावर ताणून वाळत घातली. भांडं कंगोऱ्यांचं असल्यामुळे कडेला थोड्या चुण्या पडल्यात.

त्या भांड्यावरून वाद झाला. तो इथे नोंदवत नाही.

२९ सप्टेंबर
कपाळावरच्या चामडी झापडीला बुटाचं पॉलिश. आतली घामाची पट्टी कुजकी होती, तिथे गुडरुनच्या जुन्या पर्सचं चामडं, नायलॉनच्या मजबूत दोऱ्याने. पर्स ती वापरत नव्हती. आता म्हणते, वापरणार होते.

जिन्यात श्नाइटमानबाई भेटल्या. विचारलं, कुठवर आलं? म्हटलं, शास्त्रीय तपासणी चालू आहे. बिचारीने माझा हात हातात घेतला.

५ ऑक्टोबर
निदान लिहिलं. पाच पानं. शेवटचं वाक्य: शंभर टक्के अस्सल, १८९७ नंतरची, दोन्ही बिल्ले मूळचे. 'मूळचे' हा शब्द खोडला, पुन्हा लिहिला. जिथे असायला हवेत तिथेच आहेत, म्हणजे मूळचेच.

१२ ऑक्टोबर, संध्याकाळी सहा
सभा. अठरा सभासद, प्रत्येकापुढे रेड वाइनचा ग्लास. उमेदवार मी एकटाच.

डॉ. प्फ्लाइडररांनी टोपी घेतली, फिरवली, चुण्यांवरून बोट फिरवलं. मग दिवे घालवायला सांगून आपला तो जांभळा, अतिनील किरणांचा दिवा लावला. टोपी आतून-बाहेरून निळी उजळली. अख्ख्या हॉलमध्ये उजेड पडला. डॉक्टर म्हणाले, जुनं कापड या दिव्यात चमकत नाही. बिल्ला नवा, दोरा नायलॉनचा. अशा टोपीत शिपायाचं नाव असायचंच, इथे अस्तर कोरं. नाटक कंपनीचा माल, तोही हलका. मग माझ्याकडे वळून म्हणाले, तुमचं निदान वाचता ना?

पाच पानं खिशात होती. तशीच राहू दिली. उभा राहून म्हटलं, मित्रहो, ही टोपी मी मुद्दामच आणली, मंडळ अजून जागं आहे का ते पाहायला.

डॉक्टरांनी दिवे लावायला सांगितले. मग टाळ्या. सतरा मतांनी निवडून आलो. खजिनदार तटस्थ राहिले, त्यांचा स्वभावच तसा.

घरी येऊन गुडरुनला बातमी दिली. म्हणाली, आणि बाईंना काय सांगणार?

१३ ऑक्टोबर
विचार करतोय.

१६ ऑक्टोबर
बाई फोटो घेऊन आल्या. जुन्या आल्बमात सापडला म्हणे. आजोबा गणवेशात, खाली साल १८९३, डोक्यावर टोपी. टोपीवर बिल्ला एक. बाई विचारत होत्या, याने दाखल्याला मदत होईल का हो?

त्या गेल्यावर पुस्तक काढलं. १८९७ पर्यंत एकच बिल्ला असायचा, राज्याचा. पान ४१. माझ्या पुस्तकात ती पानं एकमेकांना चिकटलेली होती. हा छापखान्याचा दोष.

संकल्प: उद्या बाईंना सांगायचं.

१७ ऑक्टोबर
उद्या.

१९ ऑक्टोबर
परीक्षकाने भावनेच्या आहारी जाऊ नये. मंडळाचा निर्णय झाला आहे. दाखला लिहिला, शिक्का मारला. दाखला क्रमांक एक. बनावट.

जेवण गेलं नाही.

२० ऑक्टोबर, रविवार
बाईंकडे चौदा माणसं, मी आणि गुडरुन धरून. सारण भरलेले माउलटाशन केले होते, सूपसकट. ऑयगेन माझ्या समोरच बसला होता, गळ्याला रुमाल खोचून. टोपी टेबलाच्या मधोमध, फुलांशेजारी.

उभा राहून दाखला वाचायला घेतला. बनावट या शब्दाशी आल्यावर ऑयगेन म्हणाला, साठ वर्षं घसा कोरडा केला, आता तरी ऐक ताई. सगळे हसले. बाई हसल्या नाहीत. त्यांनी टोपीवर हात ठेवला आणि हळूच म्हणाल्या, पण आत आजोबांनी नाव लिहिलं होतं, योहानेस म्हणून. लहानपणी मी त्यावरून बोट फिरवायची.

मला फार वाईट वाटलं. असं वाटायची सवय नाही मला.

म्हटलं, बाई, मी ती धुतली.

 मग सगळंच सांगितलं: आरी, पर्स, केकचं भांडं, सभेतली थाप, फोटोतला एकच बिल्ला आणि पान ४१. ऑयगेनने चमचा खाली ठेवून विचारलं, कुठल्या प्रोग्रॅमवर? म्हटलं, लोकरीच्या. तो गप्प झाला. मशीनमधून निघालेली चकाकी नाटक कंपनीच्या गळ्यात कशी मारणार? बाईंनी त्याचं ते गप्प झालेलं तोंड बराच वेळ पाहून घेतलं.

मग माझ्याकडे वळल्या. म्हणाल्या, बसा. कागद पालटा. लिहा.

लिहिलं. टोपी अस्सल. वुर्टेम्बर्गचं पायदळ, १८९७ पूर्वीची, शिपाई योहानेस यांची. वरचा बिल्ला, चकाकी, चुण्या आणि आत नाव नसणे ही खाली सही करणाऱ्याची करणी आहे. एक प्रत डॉ. प्फ्लाइडररांना, हे बाईंनी वेगळं लिहून घेतलं. म्हणजे माझं परीक्षकपद आठ दिवसांचं.

सहीला पेन टेकवलं, तेव्हा बाई म्हणाल्या, थांबा हेगेलेसाहेब, धुतली तरी जाणार नाही अशी शाई आहे ना त्यात? गुडरुनने पर्समधून दुसरं पेन काढून दिलं. त्याने सही केली.