फोन परवानगी मागत होता

अचलपूर, बुधवार

तीर्थस्वरूप बेबीताईस,

धाकट्या गोवर्धनचा वाकून नमस्कार. इकडे मी आणि मैना ठीक आहोत. तिकडे तुझे गुडघे, भाऊजींची साखर आणि मोर्णेकाठचे डास आटोक्यात असावेत. तू मायला पाहायला फिरकली नाहीस, असं मी तेरवीला चार माणसांत बोललो, तेव्हापासून तू माझा फोन उचलत नाहीस, म्हणून हे पत्र. (त्या बोलण्यावर मी अजून ठाम आहे असं समजूनच पुढे वाच.)

तसाही माझा फोन आता शेवटच्या घटका मोजतो आहे, अर्धा पडदा काळा पडला. मायच्या आजारपणातले सगळे फोटो त्यातच. मी दिवसभर जिनिंग मिलच्या फाटकावर पहाऱ्याला, फोन घरी मैनाजवळ, तिनंच काढलेले. माय गेल्यावर मला ते उघडून बघवले नाहीत. पण फोन बंद पडला असता तर माय दुसऱ्यांदा गेली असती. वर्षश्राद्धाला भिंतीवर लावायला एक तरी फोटो हवा, म्हणून जैनुद्दीनच्या झेरॉक्सच्या दुकानात गेलो. (माझा शाळासोबती. गणितात माझ्याहून कच्चा होता, आता कॉम्प्युटर चालवतो.)

पहिला दिवस वायरीत गेला. माझी वायर फोनचं पोट भरायची, फोटो काही न्यायची नाही. त्यानं दुसरी दिली, तर कॉम्प्युटरवर फोनचं नाव आलं आणि आत सगळं रिकामं. त्यानं कॉम्प्युटर बंद करून चालू केला, वायर फुंकून पाहिली, फोनचं लॉक उघडायला लावलं, तिसरी वायर जोडली. फोटो नाहीतच. दुसऱ्या दिवशी चहा पिताना त्याची नजर माझ्या अंगठ्यावर गेली. वायर जोडली की फोन विचारायचा, कॉम्प्युटरला आतलं बघू द्यायचं का, आणि मी दर वेळी ‘नाही’ दाबत होतो. तीस वर्षं फाटकावर काढलेला माणूस अनोळखी यंत्राला असा कसा आत सोडेल? (त्यात फोन लावला की फसवणुकीपासून सावध राहायची सूचना रोज कानावर पडते. अख्ख्या अचलपुरात ती मी एकट्यानंच मनावर घेतली असावी.)

“गोवर्धन, तूच दार लावून बसला अन् मले वायरी बदलाले लावून राहिला,” जैनुद्दीन म्हणाला.

‘हो’ दाबलं. दोनशे बारा फोटो तारखेनिशी सरसर उतरले. एकात माय बोळक्या तोंडानं हसते आहे, तोच फ्रेमला टाकला. भाऊजींना नमस्कार, प्रणालीला आशीर्वाद.

तुझा,
गोवर्धन

ता. क. : फोटोत माय एकटी नाही. तू तिची वेणी घालते आहेस, म्हणून ती हसते आहे.

आणखी एक : सगळ्या तारखा पाहिल्या. सात वेळा तू आलीस, सातही वेळा मी ड्युटीवर. मैना म्हणते, “म्या सांगतलं होतं तुमाले, तुमी आयकाल तवा ना.” ताई, चुकलो. तेच चार लोक बोलावून त्यांच्यासमोर म्हणेन. वर्षश्राद्ध पुढच्या शुक्रवारी आहे, तू गुरुवारीच ये. फ्रेम मायच्या खाटेवर ठेवली आहे. खिळा कुठं ठोकायचा ते तू सांग.